पेरणीच्या ट्रॅक्टरला नांगरटीचं ओझं कशाला?

कर्जत तालुक्यात उन्हाळी नांगरटीसाठी ट्रॅक्टरच्या चाकांना लोखंडी वजनं चढतात, टायरमध्ये पाणी भरलं जातं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायला तेच धूड तसंच रानात उतरतं. ‘वजन काढलं की ट्रॅक्टरची ताकद जाते’, हा त्यामागचा पक्का समज. ताकद इंजिनाची असते. वजनामुळे मिळते ती चाकाची पकड. पल्टी नांगर ओढताना ती हवीच. पेरणीचे फण चार बोटं खोल चालतात, त्यांना एवढी पकड लागत नाही. जास्तीचं वजन नुसतं डिझेल पितं.

डिझेलपेक्षा मोठं नुकसान जमिनीचं. राशीन-मिरजगावकडची रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. पेरणीवेळी वर वाफसा आला तरी काळ्या मातीचा खालचा थर ओलाच असतो. जड चाकाखाली तो दबतो, त्यातल्या पोकळ्या मिटतात, मुळं खाली जायची ती आडवी पसरतात आणि पुढचा पाऊसही नीट मुरत नाही. ‘नांगरलं की सगळं मोकळं होतं’ असं म्हणतात. पण नांगर जातो वीतभर, दाब त्याच्याही खाली पोचतो. रुंद टायर किंवा कमी हवा यांनी वरचा थर वाचतो. खोलवरचा दाब मुख्यतः आसावरच्या एकूण भारावर ठरतो. त्यातही सर्वाधिक दडपण पहिल्याच फेरीत होतं, म्हणून ये-जा शक्यतो एकाच चाकोरीतून करावी.

किती वजन काढायचं, हे चाकच सांगतं. मागच्या टायरवर खडूची खूण करा. अवजार चालवत चाकाचे 10 फेरे होतील तेवढं अंतर आखा. मग अवजार उचलून तेच अंतर पुन्हा कापा. फेरे 9 ते साडेआठ भरले, तर घसरण 10 ते 15 टक्के, म्हणजे वजन बेताचं आहे. साडेनऊच्या वर भरले, तर काढायला वाव आहे.

लोखंडी वजनं आधी उतरवा. पाणी काढायला चाक जॅकवर उचलून वॉल्व्ह खाली आणायचा, त्याची पिन काढायची आणि पाणी गेलं की हवा भरायची.

पुढची वजनं मात्र सरसकट काढू नयेत. मागे भार आला की मुंढं उचलतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पेरणीला ती काढलीच असतील, तर भीमाकाठी उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या आधी परत लावा.