पोर्ट लुई येथील आमचे आठ दिवस

आमच्या लहानपणी सहकुटुंब प्रवास म्हणजे तीर्थयात्रा, असे समीकरणच होते. परळीचा वैजनाथ व अंबाजोगाईची योगेश्वरी ही घरची दैवते. त्यापुढे पंढरपूर आणि आयुष्यात एकवार काशी. केवळ विश्रांतीसाठी समुद्र ओलांडावा, ही कल्पना आमच्या वडिलांस रुचली नसती. परंतु काळ पालटला. गेल्या मे महिन्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांची नात असे सहाजण मॉरिशस बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुई येथे, आठ दिवस राहून आलो.

हेच शहर निवडण्याचे कारण नात. पुण्याच्या शाळेत ती फ्रेंच शिकते, आणि जेथे फ्रेंच कानी पडेल अशा गावी जावयाचे, असा तिचा हट्ट होता. पॅरिसची थंडी व लांबचा पल्ला मातोश्रींस सोसणारा नव्हता. मुंबईहून विमानाने सहासात तासांत पोहोचता येईल असे हे बेट, म्हणून सर्वांचे त्यावर एकमत झाले.

या बेटावर प्रथम डच लोकांनी वस्ती केली. ते १७१० साली निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला, आणि १७३५ पासून गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुईचे बंदर भरभराटीस आणले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले खरे, परंतु तेथील रहिवाशांचे कायदे व चालीरीती राखण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि बोली फ्रेंच वळणाची, असा चमत्कार झाला. आजही तेथे कायदेमंडळाचे काम मुख्यतः इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात आणि घरोघरी क्रिओल बोलतात.

पहिल्या दिवशी आम्ही मंडईत गेलो. नातीने आपले पाठ केलेले फ्रेंच वाक्य भाजीवालीस म्हणून दाखविले. तिने हसून क्रिओलमध्ये उत्तर दिले, ते नातीस उमगले नाही. इतक्यात मातोश्रींनी जुडीकडे बोट दाखवून म्हटले, "कोथिंबीर." बाई उत्तरली, "कोतोमिली!" आणि सौदा पुरा झाला. पुढे आठही दिवस बाजारहाट पणजीकडे व दुभाषीपण पणतीकडे, अशी वाटणी आपोआप पडली. डाळ भरून केलेली तेथील पातळ पुरी खाऊन मातोश्रींनी निकाल दिला, "पुरणपोळीच आहे, गूळ तेवढा विसरलेत."

या बेटावर मराठी माणसे फार दिवसांपासून आहेत. मुंबई बंदरातून गेलेले त्यांचे पूर्वज बहुतेक रत्नागिरीकडचे. कारकुनांनी कानी पडेल तशी नावे टिपली आणि तीच पुढे आडनावे झाली. घरी क्रिओल बोलणारी ही मंडळी कोकणातील जाखडीचे नृत्य 'झाकरी' या नावाने अद्याप करतात. गणेश चतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते, आणि शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे. आम्ही उतरलो होतो तेथील एका तरुण नोकराचे पूर्वज असेच कोकणातले. त्याला मराठी बोलता येत नव्हते. परंतु मातोश्रींनी सायंकाळी दिवा लावून आरती म्हणावयास आरंभ करताच तो दाराशी थबकला आणि शेवटपर्यंत बरोबर म्हणत राहिला.

हे सर्व गमतीचे झाले. पाचव्या दिवशी मात्र आम्ही बंदरावरील आप्रवासी घाट पाहावयास गेलो, आणि सहलीचा रंगच बदलला.

गुलामगिरी १८३५ साली येथे रद्द झाली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. ती हिंदुस्थानातून करारावर आणावयाचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाचे गलबत ३६ मजूर घेऊन आले. तेव्हापासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. १८४९ मध्ये बांधलेल्या या ठाण्यात त्यांची नोंद होई आणि मग ती मळ्यांवर पाठविली जात. जहाजातून उतरणारा प्रत्येकजण ज्या दगडी पायऱ्यांवरून चढे त्या पायऱ्या, स्वयंपाकघराचे व आजाऱ्यांच्या खोलीचे अवशेष तेथे जपून ठेवले आहेत. २००६ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

चिरंजीव मातोश्रींस समजावून सांगत होते: पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये मजुरी व शिधा, आणि एक दिवस कामास न आल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. मातोश्री पायरीवर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग हे आपल्या तोडीवाल्यांसारखंच झालं की रे. हा त्यांचा खाडाच म्हणायचा."

बीड जिल्ह्याबाहेरील वाचकांसाठी खुलासा करणे अवश्य आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. शेती कुटुंबास पोसत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आधी उचल घ्यावयाची आणि ती सहा महिने राबून फेडावयाची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' गणला जातो. वस्ती उसाच्या फडाजवळ कोपीत. गैरहजर राहिल्यास खाडा, म्हणजे उलट दंड. २०१९ साली शासनाच्या समितीसाठी जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. मासिक अडचणीच्या दिवसांतही खाडा पडू नये ही धास्ती, हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेची ही हकीकत आहे.

आम्ही चार पिढ्या मिळून सुट्टी भोगण्यास गेलो होतो. त्या कुटुंबांत म्हातारी माणसे गावी राहतात, कर्ती माणसे फडावर, आणि पोरे कधी इकडे कधी तिकडे. तीन पिढ्या एका चुलीपाशी दिसावयाच्या त्या पावसाळ्यात.

तेथे उभा असताना मला माझे हजेरीपुस्तक आठवले. मी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी संस्कृत शिकवीत असे. आठवीत एक मुलगी होती. शब्दरूपे अशी अचूक म्हणे की ऐकत राहावे. दिवाळीनंतर धाकट्या भावास सांभाळण्यासाठी ती आईबापांबरोबर तोडीस गेली. नियमाप्रमाणे 'सतत गैरहजर' असा शेरा मारून मी तांबड्या शाईने तिचे नाव पटावरून कमी केले. पावसाळ्यात ती आली आणि आपल्या जागी बसली. हजेरीत नाव नव्हते. वडिलांना घेऊन ये व नवा अर्ज भर, असे मी तिला सांगितले. ती पुन्हा आली नाही.

हे मी सर्वांस सांगितले, तेव्हा नात म्हणाली, "मग तुम्हीच तिचं नाव परत का नाही लिहिलंत, आजोबा?" मजपाशी उत्तर नव्हते.

या घाटावर उतरलेल्यांची नोंदबुके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. आजही नातवंडे-पतवंडे तेथे जाऊन आपल्या पूर्वजांचा शोध घेतात. शिवसागर रामगुलाम हे अशाच एका बिहारी मजुराचे पुत्र. ते शाळेत टिकले, लंडनला जाऊन डॉक्टर झाले आणि १९६८ साली स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्याच कारकीर्दीत, १९७७ पासून, तेथील माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले. मजुराचे मूल पटावर राहिल्याने काय घडू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

आपल्याकडे काहीच होत नाही असे नव्हे. हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजनाही निघाली. परंतु सर्व भार शासनावर टाकून आपण स्वस्थ बसावे, हे सुशिक्षित गृहस्थास शोभत नाही. गावात ट्रक भरू लागले की मागे कोणाची मुले राहणार व कोणाची जाणार, याची विचारपूस करणे कोणासही शक्य आहे. आणि जे अद्याप शिक्षक आहेत त्यांनी तांबडी शाई उचलण्यापूर्वी एकवार त्या घरी जावे.

असो. परतीच्या विमानात मातोश्री बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेस म्हणाल्या, "वाड्याची माडी रिकामीच आहे. दिवाळीनंतर दोघी मुली राहतील तिथं. जेवण आपल्यातच." माझ्या पत्नीने सोवळ्याओवळ्याचे कसे करावयाचे, असे भीतभीत विचारले. मातोश्री म्हणाल्या, "आठ दिवस कोणाच्या हातचं खाल्लं, विचारलं का मी?"

माडी झाडून घेतली आहे. दोन खाटा व एक कंदील... नव्हे, आता विजेचा दिवा आहे. मुली कोणाच्या, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरावयाचे आहे.