बरे होणे आणि बरे वाटणे : आंत्रपुच्छदाहाच्या दोन चिकित्सा-अभ्यासांविषयी

पोटात उजवीकडे खालच्या भागी दुखू लागले, की आपल्याकडे सुशिक्षित माणूसही ‘अपेंडिक्स झाला’ असे म्हणतो. वस्तुतः अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, हा जन्मतःच देहात असणारा अवयव होय. होतो तो त्याचा दाह. अवयवाचे नाव रोगास देण्याची ही लकब भाषाभ्यासकास रंजक वाटेल. परंतु ह्या रोगाच्या निदानात व उपचारात शब्दांचा वाटा याहून पुष्कळच मोठा आहे. वैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे. प्रसिद्ध झालेले चिकित्सा-अभ्यास मी भाषेचा अभ्यासक म्हणून वाचले आहेत, एवढे आरंभीच सांगितलेले बरे.

‘अपेंडिसायटिस’ हे नाव १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी रूढ केले. तीन वर्षांनी न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅक्‌बर्नी यांनी, कमरेच्या हाडाचा पुढचा उंचवटा व बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून सुमारे एकतृतीयांश अंतरावरचा बिंदू दाखवून दिला. तेथे बोटाने दाबले असता रोगी कळवळतो. पुढे शंभर वर्षे तरी, दाह झालेले आंत्रपुच्छ कापून काढावे, याविषयी शल्यविशारदांत फारसा मतभेद राहिला नाही. प्रश्न राहिला तो निदानाचा.

१९८६ मध्ये आल्फ्रेदो आल्वारादो यांनी ह्या रोगाची शंका असलेल्या ३०५ रुग्णांच्या नोंदी तपासून दहा गुणांची एक कसोटी मांडली. त्या गुणांची वाटणी पाहण्याजोगी आहे. वेदना एका जागेवरून दुसरीकडे सरकणे, अन्नावरची वासना उडणे, मळमळ वा ओकारी, यांस प्रत्येकी एक गुण. दाबल्यावर दुखणे यास दोन, दाबलेला हात सोडताच कळ येणे यास एक, तापास एक. रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढ झाल्यास दोन आणि त्यांतील विशिष्ट पेशींचे प्रमाण वाढल्यास एक. म्हणजे तीन गुण प्रयोगशाळेचे, चार हाताचे व तापमापकाचे, आणि उरलेले तीन रोग्याच्या तोंडच्या शब्दांचे. सात वा अधिक गुण पडल्यास दाहाचा संभव दाट मानला जातो. तेव्हा एका गुणाचेही मोल थोडे नव्हे.

वेदना सरकते ती का? आंत्रपुच्छाचे ज्ञानतंतू मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतालच्या त्वचेचेही तंतू येतात. म्हणून आरंभी दुखणे बेंबीपाशी, मोघम, जागा न सांगता येण्याजोगे वाटते. दाह वाढून उदराच्या आतील अस्तरास भिडला, की ते नेमक्या जागी उतरते. आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्यास प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांनी ‘कुठे दुखतंय?’ एवढेच विचारले. त्याने उजवीकडे बोट ठेवले. ‘सुरुवात कुठून झाली?’ असे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा कोठे तो म्हणाला, ‘काल दुपारी बेंबीभोवती होतं, रात्री इकडे उतरलं.’ पहिल्या प्रश्नात काळ नव्हता, म्हणून उत्तरातही आला नाही.

आता उपचाराकडे वळू. शस्त्रक्रियेवाचून, केवळ प्रतिजैविकांनी हा दाह शमतो काय, याचा मोठा पडताळा फिनलंडमधील सहा रुग्णालयांत घेण्यात आला. क्ष-किरणांच्या संगणकीय चित्रणाने दाह निश्चित झालेले, पण गुंतागुंत नसलेले ५३० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत वाटले गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्यांपैकी २७.३ टक्के रुग्णांवर वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. संशोधकांनी आधीच आखलेली मर्यादा २४ टक्क्यांची होती. सबब औषध शस्त्रक्रियेहून उणे नाही, असे सिद्ध झाले नाही.

अमेरिकेतील पंचवीस रुग्णालयांत १,५५२ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तेथे नव्वद दिवसांतच औषधगटातील २९ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही निर्णय असा, की औषध शस्त्रक्रियेहून उणे नाही! वाचक चकित होईल, मीही झालो. उलगडा प्रश्नाच्या शब्दांत आहे. फिनलंडमध्ये विचारले गेले की शस्त्रक्रियेवाचून वर्ष निभावले काय. अमेरिकेत तिसाव्या दिवशी रुग्णास हिंडण्याफिरण्याविषयी, स्वतःची कामे उरकण्याविषयी, नित्याच्या व्यवहाराविषयी, वेदनेविषयी आणि चिंतेविषयी विचारून त्यावरून गुणांक काढला. तो औषधगटात ०.९२ व शस्त्रक्रियागटात ०.९१ आला. मराठीत हा भेद दोन क्रियापदांनी सांगता येतो. पहिल्या अभ्यासाने ‘बरे होणे’ मोजले, दुसऱ्याने ‘बरे वाटणे’. दोन्ही मोजमापे प्रामाणिक आहेत. पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नास देऊन चालणार नाही, आणि वृत्तपत्री मथळ्यांत नेमके तेच होते. शिवाय काळही लक्षात घ्यावयास हवा : फिनलंडच्याच रुग्णांत पाच वर्षांअखेर दाह उलटण्याचे प्रमाण ३९.१ टक्के झाले. उलटपक्षी, शस्त्रक्रिया लांबल्याने तेथे कोणास गंभीर अपाय झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. आंत्रपुच्छात मळाचा घट्ट खडा असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांवर नव्वद दिवसांत शस्त्रक्रिया झाली. खडा नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. फिनलंडच्या अभ्यासात असे खडेवाले रुग्ण घेतलेच नव्हते.

आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रणात तो खडा दिसला. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि त्याला गोळ्याच हव्या होत्या. ‘गोळ्यांनी बरं वाटेल ना?’ त्याने विचारले. ‘वाटेल,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण परीक्षेच्या दिवशी वाटेल की नाही, ते सांगता येणार नाही,’ आणि ४१ चा आकडा त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. रात्रभर विचार करून सकाळी त्याने शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही केली.