एक्सएमएल दस्तऐवजातील नोंदींचा शोध

‘एक्सएमएल’ ही माहितीची मांडणी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ मध्ये प्रमाणित केली. तीत प्रत्येक नोंद वंशवृक्षाप्रमाणे मूळ घटकाच्या पोटी येते. हवी ती नोंद संगणकास अचूक सापडावी, यासाठी १९९९ मध्ये ‘एक्सपाथ’ ही मार्गलेखनाची भाषा सिद्ध झाली.

‘/गाव/खातेदार[२]/नाव’ अशा धर्तीचा मार्ग दिला, की दुसऱ्या खातेदाराचे नाव हाती येते. गणना शून्यापासून नव्हे, तर एकापासून होते. आरंभी दोन तिरक्या रेघा दिल्यास कोणत्याही पातळीवरील नोंद शोधता येते.

मात्र केवळ क्रमावर विसंबणे धोक्याचे आहे. आधी एक नोंद वाढली, की भलत्याच खातेदाराचे नाव निघते आणि संगणक चूक दाखवीत नाही. म्हणून खातेक्रमांकासारख्या स्थिर खुणेवरून शोध घेणेच हितावह होय.