जात्याची घरघर कुठे गेली?

गेल्या दिवाळीत मावशी चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. वय 84. आजोळचं जातं आमच्या पुण्यातल्या घरी मागच्या गॅलरीत कित्येक वर्षं पडून होतं. ते घासूनपुसून मांडलं, तांदूळ आणले, शेजारी स्टुलावर रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉप ठेवला. मावशीनं जात्यात मूठभर वैरण घातली, खुंटा धरला आणि ओवी सुरू केली. वीस मिनिटं गायली. मग हात दुखायला लागला म्हणून थांबली.

रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलो. पहिले दोन-तीन सेकंद जातं स्वच्छ ऐकू आलं आणि मग त्याची घरघर विरत विरत नाहीशी झाली. मावशीचा आवाज होता, पण ओवीच्या अखेरीस ती जो सूर लांबवते, तो दरवेळी मध्येच बुडत होता. जात्याशिवायची ओवी ऐकताना पोटात खड्डा पडला.

माइक खराब नव्हता. लॅपटॉपनं त्याला शिकवलेलं काम चोख केलं होतं. आजकालच्या लॅपटॉपमध्ये माइकचा आवाज ‘सुधारणारी’ यंत्रणा आधीपासूनच चालू असते. तिचा हिशेब सरळ आहे: जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा किंवा रस्त्यावरचा गोंगाट, आणि जो सतत बदलतो ते माणसाचं बोलणं. दोन-तीन सेकंद अंदाज घेऊन ती एकसारखा आवाज कापायला लागते. कचेरीतल्या मीटिंगला हे उत्तम, पण आपल्या संगीतात एकसारखा आवाज हाच पाया असतो. जात्याची घरघर, तानपुरा, पेटीचा धरून ठेवलेला षड्ज, गळ्यातला लांब आकार हे सगळं या हिशेबात गोंगाट ठरतं. 2020च्या टाळेबंदीत गाण्याचे वर्ग झूमवर गेले, तेव्हा परदेशातल्या शिष्यांना गुरुजींचा तानपुरा ऐकू येईना तो याचमुळे. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती चालू केली की ही छाटणी थांबते.

रेकॉर्डिंगसाठी ही यंत्रणा मुळातूनच बंद करायची. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन इनपुटखाली आपला माइक निवडला की ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ दिसतं. ते ऑफ करायचं. एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंपनीचं स्वतःचं वेगळं अ‍ॅप असतं आणि त्यातही गोंगाट कमी करण्याचं बटण असतं. माझ्या बाबतीत खरा चोर तिथे होता.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा बसली. आता घरघर आली, पण तिच्यामागे एक बारीक ‘घूं’ही आला. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. ती माइकच्या तारेत शिरली की 50 हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, म्हणजे 100, 150 हर्ट्झचा गुंजारव ऐकू येतो. याची परीक्षा पाच सेकंदांची आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. आमच्याकडे तेच निघालं, आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग बॅटरीवर केलं. तरीही घूं राहिला तर माइकची तार विजेच्या तारांपासून, ट्यूबलाइटपासून आणि मोबाइलपासून लांब न्या.

या दोन दिवसांत मला एक सवय लागली, ती मनापासून सांगतो. आवाज गळ्यातून फाइलपर्यंत ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं चालत जायचं: खोली, माइक, तार, पिन, सेटिंग आणि शेवटी सॉफ्टवेअर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच ऐकायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज सुधारतोही, पण कशानं सुधारला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काहीच रेकॉर्ड होत नसेल तर बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगी बंद असते, किंवा सॉफ्टवेअर भलत्याच माइककडे कान लावून बसलेलं असतं. डेस्कटॉप संगणकाला गुलाबी भोक माइकचं आणि हिरवं स्पीकरचं. मोबाइलच्या हेडसेटची पिन नीट पाहा: तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर ती एकाच पिनेत माइक आणि हेडफोन दोन्ही वाहते. नुसत्या गुलाबी भोकात ती चालत नाही. त्यासाठी एकाच्या दोन पिना करणारी छोटी जोडतार दुकानात मिळते.

आवाज फाटणं ही मात्र गंभीर गोष्ट आहे, कारण फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. 16 बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची उंची उणे 32,768 ते अधिक 32,767 एवढ्या आकड्यांत मावते. त्यापलीकडचा आवाज आला की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि ऐकताना चर्र होतं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून लाट मोठी करून पाहिली की तो सपाट माथा डोळ्यांनीही दिसतो. म्हणून लेव्हल अशी ठेवायची की सर्वांत मोठा आवाजही उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबेल. ‘मायक्रोफोन बूस्ट’ 20 डेसिबलवर असेल तर तो आधी शून्यावर आणा, कारण 20 डेसिबल म्हणजे दहा पट.

आवाज बारीक येतो म्हणून बूस्ट वाढवण्याआधी माइक जवळ न्या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरला तर ‘प’, ‘भ’चे फुत्कार लागत नाहीत. घुमणाऱ्या खोलीवर गाद्या-गोधड्यांसारखा उपाय नाही. मावशीच्या मागच्या भिंतीवर आम्ही दोन गोधड्या टांगल्या होत्या.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक गाण्यासाठी वापरू नका. तो चालू होताच जोडणी फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचे बहुतेक वेळा सेकंदाला 8,000 किंवा 16,000च नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिकतात, म्हणजे 8,000 नमुन्यांत 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं जातं. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तो त्यामुळे.

पट्टी बदलण्याचा दोष ऐकून लोक चक्रावतात. सीडीची चाल सेकंदाला 44,100 नमुन्यांची आणि व्हिडिओची 48,000ची. पहिल्या चालीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या चालीनं वाजलं तर तासाभराचं गाणं 55 मिनिटांत उरकतं आणि काळी एकमधली ओवी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते. विंडोजमधला आकडा आणि सॉफ्टवेअरमधला आकडा सारखा ठेवला की हे टळतं. आवाज मध्येच टकटकत तुटत असेल तर संगणकाची दमछाक होते आहे असं समजा. ब्राउझर बंद करा, माइक यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा आणि सॉफ्टवेअरमधला बफर वाढवा.

फाइल वॅव्ह स्वरूपात ठेवा. सीडीच्या दर्जाचं एका चॅनेलचं तासाभराचं रेकॉर्डिंग जेमतेम 320 एमबी होतं, त्यामुळे जागेची काटकसर करायचं कारण नाही. एमपी3 नंतर कधीही करता येते, एमपी3मधून गेलेलं मात्र परत येत नाही. गोंगाट पुढे कमी करायचा झाल्यास तो मूळ फाइलच्या प्रतीवर करा.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तरी प्रत्येक घरातली एखादी ओवी राहून गेलेली असणारच, आणि ती येणारी बाई आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे.

या दिवाळीत तुमच्याकडे अशी कुणी येणार असेल तर माझी एक विनंती आहे. तिला बसवण्याआधी स्वतः एक मिनिट जातं फिरवा, दोन ओळी गुणगुणा, रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. जातं ऐकू येतंय ना, सूर बुडत नाही ना, हे पाहून मगच तिला हाक मारा. मावशी माझ्यासाठी दुसऱ्यांदा बसली. पण पहिल्या दिवशी गायलेल्यांतल्या तीन ओव्या तिला दुसऱ्या दिवशी आठवल्या नाहीत.