गूढ शब्दकोडे आणि मराठी अक्षर

वृत्तपत्रांतील शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आर्थर विन याने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’साठी रचलेले ते कोडे केवळ अर्थावर चालणारे होते. पुढे इंग्लंडात एडवर्ड पॉईस मॅथर्स याने ‘ऑब्झर्व्हर’मधून त्यास गूढ रूप दिले. या गूढ प्रकारात प्रत्येक संकेताचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो, तर दुसऱ्यात त्याच उत्तराची शाब्दिक घडण सांगितलेली असते. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या म्हणजे उत्तर सिद्ध झाले. मराठी वृत्तपत्रांतील कोडी बहुधा पहिल्याच वाटेने जातात. दुसरी वाट मराठीत चालू शकेल काय, हा प्रश्न करमणुकीचा दिसला तरी तो लिपीच्या घटकाचा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गावाचे नाव घेऊ. पुढील संकेत पाहावा: ‘खडकाच्या पोटी राज्याचा आरंभ झाला ते नागपंचमीचे गाव (३)’. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम गड, किल्ले आणि शिवकाल उभा राहतो; हाच त्यातील चकवा. वस्तुतः खडक म्हणजे ‘शिळा’, राज्याचा आरंभ म्हणजे त्या शब्दाचे पहिले अक्षर ‘रा’. शिळेच्या पोटी ‘रा’ घातला की ‘शिराळा’ होते आणि उरलेला भाग त्याची साक्ष देतो. येथवर इंग्रजी रीत मराठीत निर्वेध चालते.

आता त्याच नावाचे ‘शिराळे’ हे रूप घेऊ. कोकणात दोडक्यास शिराळे म्हणतात. ‘मस्तकाला रोपाभोवतीचा खळगा जोडला की कोकणातली भाजी (३)’ असा संकेत केला, तर शिर आणि आळे हे दोन शब्द मिळतात. परंतु शि-र-आ-ळे ही चार घरे झाली आणि शिराळे तर तीनच घरांत बसते. ‘र’मधील अ आणि पुढील आ यांचा संधी होऊन एक घर लोपले. संस्कृत ‘शिर’ व मराठी ‘आळे’ यांचा असा संधी व्याकरणाच्या कसोटीस उतरणार नाही, ही गोष्ट वेगळी. खेळात तेवढी मोकळीक असावी. लक्षात घ्यावयाचे ते हे की, इंग्रजीत शब्दाला शब्द जोडताना वर्णांची संख्या कायम राहते, मराठीत तसा भरवसा देता येत नाही.

शब्द उलटा करण्याच्या युक्तीत निराळीच अडचण येते. ‘राशि’ उलटली की ‘शिरा’ होतो. पण मराठी साहित्य महामंडळाचे जे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, त्यांनुसार अंत्य इकार दीर्घ लिहावयाचा. म्हणजे शब्द ‘राशी’, आणि उलटल्यावर ‘शीरा’! ‘राशिभविष्य’ या समासातील ऱ्हस्व रूपाचा आधार घेता येईल, पण ती पळवाट होय. अक्षरांच्या फेरबदलाची युक्ती, जिच्यावर इंग्रजी कोड्यांचा मोठा भार असतो, ती तर येथे दुबळीच ठरते. तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच होतात, आणि ‘शिराळा’च्या उरलेल्या पाचांपैकी एकही मराठी शब्द नव्हे. स्वर आणि व्यंजने सुटी केली तर शाळा, शिळा, शिरा असे शब्द हाती येतात, पण कोड्याचे घर सुटे व्यंजन स्वीकारीत नाही. ‘शिराळा’ आडवा बसला तर ‘शि’च्या घरातून ‘काशिनाथ’ उभा जाऊ शकतो, ‘कोशिंबीर’ जाऊ शकत नाही. अनुस्वार आड येतो. शिवाय छेदणारा एक शब्द सुटला, की तीन घरांच्या उत्तराचा तिसरा हिस्सा स्वरासह उघड होतो. म्हणून मराठी कोड्यात लांब उत्तरे आणि विरळ छेद असणे हिताचे.

तथापि मराठीस स्वतःचे धन आहे. दण्डीच्या ‘काव्यादर्शा’तील तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदांच्या संधीने अर्थ झाकणारी ती ‘समागता’, दुसऱ्याच अर्थी रूढ असलेल्या शब्दाने फसविणारी ती ‘वंचिता’, संख्येने भ्रम पाडणारी ती ‘संख्याता’, पर्यायशब्दांतून नाव साधणारी ती ‘समानशब्दा’. शिर आणि आळे यांचे उदाहरण उघडच समागतेच्या जातीचे आहे. ‘दातांच्या संख्येमागे मोरणाकाठचे गाव’ असे म्हणून ‘बत्तीस शिराळा’ सुचविला, तर त्यात संख्यातेची छटा येईल. जो संधी चौकटीच्या हिशेबात अडचण ठरतो, तोच प्राचीनांच्या लेखी गूढतेचे पहिले साधन होता. संकेतापुढे कंसात घरे मांडावयाची ती संधी झाल्यानंतरची, एवढा दंडक पाळला की अडचण संपते.

दण्डी दुष्ट प्रहेलिकांचाही उल्लेख करतो, पण दोष अगणित असल्याने त्यांची लक्षणे देत नाही. सदोष कोड्याचे एक लक्षण मात्र पुढे न्यायालयात पुढे आले. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील बक्षिसांची शब्दकोडी जुगाराच्या स्वरूपाची ठरविली. एका संकेतास एकाहून अधिक पर्याय लागू पडावेत, आणि विजय मात्र संयोजकांनी आधीच मोहोरबंद केलेल्या उत्तराशी जुळण्यावर अवलंबून असावा, अशी त्या स्पर्धेची घडण होती. सोडविणाऱ्याजवळ आपले उत्तर तपासण्याचे साधनच नव्हते. ‘नागपंचमीचे गाव’ एवढाच संकेत दिला तर तीन अक्षरी दुसरे गाव पुढे करणाऱ्याशी वाद घालावा लागेल. शिळेच्या पोटी ‘रा’ सापडल्यावर त्यास जागा उरत नाही.