घासाघासाचं वेळापत्रक

महालक्ष्मीला श्री लक्ष्मी वुलन मिल्सच्या आवारात २०१६ साली ‘मास्क’ सुरू झालं. लडाखच्या सी बकथॉर्नसारखी फळं मुंबईच्या ताटलीत आणल्याबद्दल त्याचं कौतुक झालं. पण खरं धाडस होतं गिऱ्हाइकाच्या हातून मेन्यूकार्ड काढून घेण्याचं. पैसे मोजणारा मुंबईकर ‘तिखट कमी करा, कांदा घालू नका, हे नको ते द्या’ असं सांगायला सरावलेला असतो. अदिती दुगर आणि तेव्हाचे शेफ प्रतीक साधू यांनी त्याच्यापुढे दहा पदार्थांची ठरलेली मालिका ठेवली. शाकाहारी की मांसाहारी, आणि काय चालत नाही, एवढं सांगितलं की त्याचं म्हणणं संपलं. पुढे काय, किती आणि कोणत्या क्रमाने खायचं हे स्वयंपाकघर ठरवणार. अशा जेवणाला माणशी हजारो रुपये मोजून आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या चवीवर क्वचितच अडतात. ‘मध्ये फार वेळ गेला’, ‘शेवटी शेवटी खाववेना’, ‘प्रत्येक ताटलीबरोबर भाषण’ असाच सूर जास्त असतो. या तक्रारींना कुरकूर म्हणून सोडून देऊ नये, असं मला वाटतं. टेस्टिंग मेन्यूला बसणारा माणूस आपली संध्याकाळ दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि त्या संध्याकाळचं स्वयंपाकघराने काय केलं यावर जेवण जमलं की फसलं ते ठरतं.

पंगतीतलं पान घ्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये वरण-भाताची मूद आणि त्यावर तूप. मुख्य पदार्थ एकदम समोर असतात आणि कशाबरोबर काय कालवायचं हे जेवणारा ठरवतो. भाताच्या दोन घासांमध्ये चटणीचं बोट चाटायचं की कोशिंबीर संपवूनच पुढे जायचं, हा सर्वस्वी त्याचा कारभार. पोट भरलं की तो पानावर हात आडवा धरतो आणि आग्रहाला तिथेच लगाम बसतो. युरोपातही पूर्वी बड्यांच्या मेजावर बरेच पदार्थ एकाच वेळी मांडले जात. एकामागून एक वाढण्याची रशियन पद्धत तिथे रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या नव्या दमाच्या शेफनी काइसेकी या लहान लहान पदार्थांच्या जपानी जेवणाचा धडा घेऊन त्या क्रमाचे आणखी बारीक तुकडे केले, आणि आजचा टेस्टिंग मेन्यू त्यातून वाढला. यावर कोणी म्हणेल, खानावळीतही निवड कुठे असते? आज वांगं म्हणजे वांगंच. बरोबर आहे, पण खानावळीत फक्त पदार्थ ठरलेले असतात. घासांचा क्रम, वेग आणि थांबायचा क्षण हे सगळं जेवणाऱ्याकडेच राहतं. टेस्टिंग मेन्यूत नेमकं तेच जातं, आणि जे काढून घेतलं ते सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

सगळ्यात जुना आक्षेप मात्र ‘एवढंसं वाढतात’ हा आहे, आणि तो सगळ्यात दुबळा आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘फ्रेंच लाँड्री’चे थॉमस केलर यांचं म्हणणं असं, की कुठल्याही पदार्थाचे पहिले काही घास जिभेला जागं करतात आणि पुढचे फक्त पोट भरतात, म्हणून आणखी एक घास हवासा वाटत असतानाच ताटली संपावी. शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की खाल्लेल्या पदार्थाची गोडी चटकन उतरते, पण न खाल्लेल्याची फारशी उतरत नाही. श्रीखंडपुरीने तुडुंब झालेला माणूस मसालेभाताला जागा करतो ती याच नियमाने. पण हा नियम दुधारी आहे. जीभ दर वेळी ताजीतवानी होते, पोट होत नाही. वीस ताटल्यांमधलं लोणी, मलई, मध्ये आलेला पाव, शेवटचे तीन गोड पदार्थ यांची बेरीज भरभक्कम होते. उपाशी उठल्याची थट्टा विनोदी लेखांत शोभते. प्रत्यक्षात चौदाव्या-पंधराव्या ताटलीपाशी माणूस जेवायचं सोडून उरकायला लागतो. पानावर आडवा हात धरायची सोय इथे नाही. नाही म्हणावं तर शेफचा अपमान होईल ही धास्ती असते, आणि पैसे तर आधीच भरलेले असतात.

स्वयंपाकघराच्या वेळेनुसार खाण्याची बांधिलकी पदार्थाच्या घडणीतच कशी मुरलेली असते, ते दह्याच्या एका गोळीत दिसतं. स्पेनमधल्या ‘एल बुयी’त फेरान आद्रिया यांनी २००३ साली फळांच्या रसाचे पातळ पापुद्र्याचे मणी करायला सुरुवात केली. रसात अल्जिनेट मिसळायचं आणि कॅल्शियमच्या पाण्यात थेंब सोडायचा, की बाहेरून कवच धरतं. अडचण एवढीच, की पाण्यातून काढून धुतल्यावरही ते कवच आत आत घट्ट होत जातं. काही मिनिटं उशीर झाला तर फुटणारा मणी जाऊन जेलीची गोळी उरते. पुढे त्यांनी डाव उलटा केला: कॅल्शियम पदार्थात आणि अल्जिनेट पाण्यात. आता कवच बाहेरच्या बाजूने वाढतं आणि गोळी धुतली की थांबतं. मूळचे कोलकात्याचे गगन आनंद यांनी बँकॉकमध्ये हीच युक्ती दह्यासाठी वापरली. दह्यात कॅल्शियम निसर्गतःच असतं, त्यामुळे चाटच्या चवीचं दही गोल चमच्याने अल्जिनेटच्या पाण्यात अलगद सोडलं की त्याची गोळी बनते. ती तोंडात टाळूवर दाबली की फुटते. पहिल्या पद्धतीत जेवणाऱ्याने गप्पांत रमणं हाच गुन्हा होता. दुसऱ्या पद्धतीत त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली. शोध रसायनाचा खरा, पण त्याचा फायदा मेजावरच्या माणसाला झाला, आणि तो बहुधा त्याच्या लक्षातही आला नसेल.

स्वयंपाकघर आणि दालन यांच्यामध्ये ‘पास’ नावाचा कट्टा असतो. खरी कसोटी तिथे लागते. मेजावरची शेवटची ताटली रिकामी होत आली की वाढणारा खुणावतो, आत पुढच्या पदार्थाची आरोळी जाते, चिमट्याने पानं लावली जातात. तेवढ्यात चौघांपैकी एक जण हात धुवायला उठतो. आता चारही ताटल्या थांबतात, कारण चौघांपुढे त्या एकाच क्षणी ठेवायच्या असतात. गरम सॉसवर साय धरते आणि कधी कधी सगळं टाकून पुन्हा करावं लागतं. बाहेर बसलेल्यांना एवढंच जाणवतं, की ‘बारा मिनिटं झाली, काही आलं नाही’. चांगला वाढणारा इथे खरा उपयोगी पडतो. मेजावर गप्पा रंगल्या आहेत की माणसं घड्याळ बघताहेत, हे शेफला पासच्या मागून दिसत नाही. या जागांची कीर्ती शेफच्या नावावर जमा होते याचं म्हणूनच मला नवल वाटतं. अर्थात या अचूकपणाला हात लागतात आणि हातांना पगार. कोपनहेगनच्या ‘नोमा’ने शिकाऊंना वेतन द्यायला २०२२च्या अखेरीस सुरुवात केली, आणि जानेवारी २०२३मध्ये तिथले शेफ रेने रेझेपी यांनी ही पद्धत अशी चालू ठेवणं परवडत नाही असं जाहीर केलं.

‘एवढंसं वाढतात’ याहून वजनदार आक्षेप माझ्या म्हणण्यावर घेता येईल, तो असा, की सगळं सोडून देण्यातच मजा आहे. तुम्ही उगाच हक्कांची भाषा करता. गगन यांच्या जुन्या जागी सुरुवातीला हातात पडायची ती नुसत्या इमोजींची यादी, पदार्थांची नावं शेवटी. एक पदार्थ ताटली चाटून खायचा असे, आणि सूट घातलेली माणसं तो हसत हसत चाटत. शिकागोच्या ‘अलीनिया’च्या मंडळींनी तर २०११मध्ये ‘नेक्स्ट’ सुरू करताना नाटकासारखी आगाऊ तिकिटंच विकली. निवडीच्या ओझ्यातून सुटका होते, हे मला मान्य आहे. दिवसभर निर्णय घेऊन शिणलेल्या माणसाला कोणी तरी ‘तू बस, मी वाढतो’ म्हणावं, यात सुख आहेच. पण नाटक कंटाळवाणं झालं तर प्रेक्षक डोळे मिटून बसू शकतो. इथे त्याला तोंड उघडावं लागतं. शिवाय लांबी वाढवण्याला आठवणीचाही आधार मिळत नाही. रोड, रोझिन आणि डर्लाक यांनी २००७मध्ये जेवणाच्या आठवणी तपासल्या, तेव्हा आवडता पदार्थ जास्त मिळाल्याने नंतर आठवणारा आनंद वाढलेला दिसला नाही. ‘शेवट गोड तर सगळं गोड’ याचाही ठसठशीत पुरावा मिळाला नाही. प्रयोगातली जेवणं साधी होती, हे खरं. तरीही तीस ताटल्यांचं समर्थन करू पाहणाऱ्याने आपला पुरावा दुसरीकडे शोधावा. ‘एल बुयी’त ताटल्या तिसाच्या पुढे जात, कारण आद्रियांना दर मोसमाला नवं काही मांडायचं होतं. ती शेफची गरज होती, आणि तिला जेवणाऱ्याची भूक म्हणणं बरोबर नाही.

भाषणांचं म्हणाल तर ती निम्म्याने कापावीत. मासा कुठल्या बंदरावरून आला हे एका वाक्यात सांगता येतं, आणि सांगेपर्यंत तो निवतो. त्यामानाने ‘मास्क’मधली एक रीत शहाणपणाची आहे: जेवणाच्या मध्येच पाहुण्यांना उठवून स्वयंपाकघरात नेतात आणि एक पदार्थ तिथेच उभ्याने खायला देतात. याकडे दिखावा म्हणून बोट दाखवता येईल, आणि थोडा दिखावा त्यात आहेही. पण दोन तास खुर्चीला खिळलेल्या माणसाचे पाय मोकळे होतात, त्याची भूक पुन्हा चाळवते, आणि पुढचा पदार्थ लगेच पाठवावा की दहा मिनिटांनी, हे शेफला त्याच्या चेहऱ्यावरून स्वतः ठरवता येतं.