उणीव कोशाची, ठपका व्याकरणावर

मावळातील लोहगडावर चार दरवाजे एकामागून एक ओलांडावे लागतात; लिनक्समधील ‘सेलिनक्स’ या सुरक्षाव्यवस्थेचे मुक्तस्रोत धोरणही बांधणीच्या वेळी असेच टप्पे ओलांडते. प्रथम ‘एम-फोर’ हा विस्तारक मॅक्रोंचा, म्हणजे नियमसमूहांच्या संक्षिप्त नावांचा, विस्तार करतो. मग संकलक वाक्यरचना तपासतो. एखाद्या मॅक्रोची व्याख्याच उपलब्ध नसेल, तर विस्तारक तक्रार न करता ते नाव तसेच पुढे धाडतो आणि संकलक त्यास वाक्यरचनेचा दोष ठरवितो. वस्तुतः वाक्य निर्दोषच असते! म्हणून ‘.आयएफ’ फाइलीत ती व्याख्या आहे काय, हे आधी पाहावे. ओळच गाळल्यास बांधणी पार पडते खरी. परंतु स्पष्ट परवानगीवाचून सारे निषिद्ध मानणाऱ्या या व्यवस्थेत संबंधित सेवेचा आवश्यक अधिकारच नाहीसा होतो.